विश्लेषण : रस्ता कोणाचा? चाळीसगावचा टांगा, समोरून आलेली मोटार आणि बाबासाहेब

बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशी गावे जोडत जातो. शाळा-कॉलेजच्या वेळी फैजपुरात या रस्त्यावर उभे राहिले की केळीने भरलेले ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, एसटी, दुचाक्या आणि या सगळ्यांच्या डाव्या कडेला सायकली दिसतात. मागून हॉर्न वाजला की सायकलवाला साइडपट्टीच्या मुरुमात उतरतो. गाडीवाल्याला वाटते, हा मध्येच आला. सायकलवाल्याला वाटते, याने रस्ता विकतच घेतला आहे. रस्ता कोणाच्या बापाचा, हा वाद गावोगावी रोज होतो आणि बहुतेक वेळा ज्याची गाडी मोठी त्याच्या बाजूने मिटतो.

हा वाद सायकल आणि मोटार यांच्यापुरता नाही. वाहने बदलली, पण आधी कोण सरकणार हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे एक ठळक उदाहरण याच जळगाव जिल्ह्यातील, तेव्हाच्या पूर्व खानदेशातील आहे. साल १९२९, गाव चाळीसगाव. एका बाजूला टांगा, समोरून मोटार आणि टांग्यात एकच प्रवासी. तो प्रवासी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या दिवशी त्यांचा जीव थोडक्यात वाचला. त्यांचे चरित्र महाड, नाशिक, पुणे करार, संविधान अशा टप्प्यांनी सांगितले जाते. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर त्याच आयुष्याचा एक वेगळा धागा हाती लागतो.

मसूरच्या स्टेशनवर काय घडले?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण सैन्यातून निवृत्त झालेल्या सुभेदार रामजी सकपाळ यांच्या शिस्तीत गेले. आई भीमाबाई लवकर वारल्या. कुटुंब साताऱ्यात राहत होते, तर वडील नोकरीसाठी कोरेगावला होते. १९०१ च्या उन्हाळी सुटीत वडिलांनी मुलांना तिकडे बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणींची मुले नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने मसूरला उतरली. वडिलांना येण्याचा दिवस कळवणारे पत्र त्यांच्या नोकराने त्यांच्या हाती दिलेच नव्हते. त्यामुळे स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही.

मुले चांगल्या घरची दिसत होती, म्हणून स्टेशनमास्तरने आस्थेने विचारपूस केली. जात कळताच तो मागे सरला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली. भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार.

म्हणजे गाडी मिळाली, गाडीवान मिळाला नाही. ही तोड लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण २८ वर्षांनी ती पुन्हा समोर येते.

त्या रात्री मुलांजवळ खायला होते, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेत टोल नाक्याची झोपडी लागली. नाकेदाराकडे पाणी मागताना आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. उपाशीपोटी रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास ती कोरेगावला पोहोचली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या प्रवासात एक गोष्ट कायमची कळली. सार्वजनिक रस्ता, भाड्याची गाडी, टोल नाका यांतले काहीही त्याच्यासाठी सार्वजनिक नव्हते.

पुढची वर्षे सर्वांना माहीत आहेत. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज, १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा परदेशी पदवी असूनही राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले. तिथे प्रश्न रस्त्यापेक्षा छपराचा होता, म्हणून तो इथे एवढाच. पुन्हा लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि अर्थशास्त्रातील डॉक्टरेटही त्यांनी मिळवली. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. ते तळेही सार्वजनिकच होते, नगरपालिकेने सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच झालेला होता. कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, असा तो प्रकार.

१९२९ मध्ये ते चाळीसगावला कशासाठी आले?

मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी समाजाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीने कामासाठी जिल्हे वाटून घेतले, त्यात त्यांच्या वाट्याला खानदेश आला. काम संपवून मुंबईला परतताना त्यांना धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावी जायचे होते. तिथे सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार टाकला होता.

चाळीसगावच्या अस्पृश्य वस्तीतील लोक स्टेशनवर आले आणि एक रात्र आमच्याकडे मुक्काम करा, असा आग्रह धरू लागले. खरे तर बाबासाहेबांना चौकशी करून थेट मुंबई गाठायची होती. पण लोकांचे मन मोडवेना. ते बहिष्काराच्या गावी जाऊन आले आणि परतीच्या गाडीने पुन्हा चाळीसगावला उतरले. स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते.

महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. पायी जाता येण्याजोगे अंतर. बाहेर टांगे रांगेने उभे. तरीही तासभर कोणी हलले नाही. पाहुण्याला कशासाठी ताटकळत ठेवले आहे, हे त्यांना कळेना. अखेर एक टांगा फलाटाजवळ आला. आत बाबासाहेब आणि टांगा हाकणारा असे दोघेच बसले. बाकीचे लोक जवळच्या वाटेने पुढे गेले.

समोरून मोटार आली तेव्हा?

टांगा दोनशे पावलेही गेला नसेल, तोच समोरून आलेल्या मोटारीवर आदळण्याची वेळ आली. रस्त्यावरचा पोलीस मोठ्याने ओरडला. मोटारवाल्याने गाडी मागे घेतली, म्हणून टक्कर टळली. रोज भाडी मारणारा टांगेवाला इतका अडाणी कसा, याचे प्रवाशाला आश्चर्य वाटले.

पुढे नदीवरचा फरशी पूल होता. त्याला कठडे नव्हते, फक्त पाच-दहा फुटांवर एकेक दगड रोवलेला. रस्ता पुलाला काटकोनात येऊन मिळत होता, म्हणजे पुलावर चढताना झटक्यात वळावे लागे. पहिल्याच दगडापाशी घोडा सरळ जाण्याऐवजी वळला आणि उधळला. चाक दगडावर इतक्या जोराने आदळले की बाबासाहेब उचलले जाऊन पुलाच्या फरशीवर पडले. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. ते बेशुद्ध झाले. पलीकडच्या काठावरच वस्ती होती. स्वागतासाठी पुढे गेलेल्या लोकांनीच त्यांना उचलून नेले. बायका-मुले रडत होती. पायाचे हाड मोडले होते, अंगावर इतर जखमा होत्या. ऑक्टोबर महिन्यातील या अपघातानंतर त्यांना बराच काळ अंथरुणावर काढावा लागला.

स्टेशनवर तासभर का लागला, याचा उलगडा नंतर झाला. एकही टांगेवाला अस्पृश्य प्रवाशाला घेऊन जायला तयार नव्हता. त्यात त्यांना कमीपणा वाटत होता. दुसरीकडे, आपला बॅरिस्टर पाहुणा पायी चालत येणार हे वस्तीतल्या लोकांना पटत नव्हते. त्यात त्यांना पाहुण्याचा अपमान वाटत होता. मग मसूरसारखीच तोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, पण स्वतः हाकायचा नाही. हाकणारा वस्तीतल्या लोकांनी शोधायचा. त्यांच्यातल्या कोणाचाच तो धंदा नव्हता. एकाने, त्यात काय एवढे, अशा समजुतीने लगाम हातात घेतला. थोडे पुढे गेल्यावर कोणाला घेऊन चाललो आहोत याची जाणीव होऊन तो इतका गोंधळला की घोडा आवरणेच त्याने सोडून दिले.

बाबासाहेबांनी ही हकिगत पुढे वेटिंग फॉर अ व्हिसा या छोट्या आत्मपर लेखनात नोंदवली. त्यात ते केवळ टांगेवाल्यांना दोष देऊन थांबत नाहीत. आपल्या लोकांनी पाहुण्याचा मान राखण्यासाठी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, हेही ते स्पष्ट लिहितात. आणि परदेशात शिकून आलेला बॅरिस्टरही एका टांगेवाल्याला आपल्यापेक्षा खालचा वाटतो, हे आपल्याला त्या दिवशी उमगले, अशीही नोंद करतात.

चूक नेमकी कोणाची?

आजच्या अपघाताच्या पंचनाम्यात लिहायचे तर हाकणाऱ्याची हयगय, असे दोन शब्दांत लिहून मोकळे होता येईल. पण त्या माणसाच्या हातात लगाम आला कसा? ज्याला टांगा हाकता येत होता, त्याने हाकायला नकार दिला. ज्याला येत नव्हता, त्याच्यावर ते काम आले. अपघाताचे कारण स्टेशनवरच्या त्या एका तासात ठरले होते. पुलावर ते फक्त दिसले.

त्या दिवशी रस्त्यावर एक माणूस शहाण्यासारखा वागला, तो म्हणजे मोटारवाला. तो कोण होता हे इतिहासाला माहीत नाही. चूक त्याची नव्हती, तरी मागे तोच सरला, कारण त्याच्या हातातले वाहन त्याच्या ताब्यात होते आणि समोरच्याचे नव्हते. मोटार आणि सायकल यांच्या भांडणात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. सायकलवाल्याच्या चुकीने गाडीवर ओरखडा येतो, गाडीवाल्याच्या चुकीने सायकलवाल्याचे घर बसते. मोटार चालवायला परवाना लागतो आणि सायकलला लागत नाही, यामागचा हिशेबही हाच. तो परवाना रस्त्यावर जास्त हक्क देण्यासाठी नाही. जास्त इजा करू शकणाऱ्याची परीक्षा आधी घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

जो पोलीस ओरडला, त्याच्याबद्दलही दोन शब्द हवेत. त्याने जात पाहिली नाही, कारण तेवढा वेळच नव्हता. अपघात समोर दिसला आणि तो ओरडला. रस्ता बऱ्याचदा माणसाला असे क्षणभर सारखे करतो, आणि पुढच्याच वळणावर ते विसरले जाते.

रथाचा करार का मोडला?

पाय सांधून येतो न येतो तोच, २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ निघणार होता. स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा, असे ठरले. प्रत्यक्षात रथ सुरू होताच सत्याग्रहींना बाजूला ठेवून तो पुढे पळवला गेला. दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. मसूरला गाडी होती, गाडीवान नव्हता. चाळीसगावला टांगा होता, टांगेवाला नव्हता. नाशिकला रथही होता आणि ओढणारेही, पण ठरलेला शब्द पाळला गेला नाही. तिन्ही ठिकाणी रस्ता मात्र सरकारी होता.

फैजपूरचे अधिवेशन आणि धुळ्याचा मुक्काम

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते, नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून तिथले टिळकनगर सजले आणि शेतीच्या प्रश्नांवर ठराव झाला. बाबासाहेब तेव्हा युरोपात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि काँग्रेसच्या राजकारणापासून त्यांची वाट केव्हाच वेगळी झालेली होती. तरी दोन्हींकडे एक प्रश्न समान होता. राजकारण मुंबई-पुण्याच्या पक्क्या रस्त्यांवरून उतरून खेड्यात जाणार का? फैजपूरने त्याला एक उत्तर दिले. मात्र त्या खेड्यात वस्त्या किती आणि कोणत्या वस्तीपर्यंत रस्ता जातो, हे बाबासाहेबांचे विचारणे अधिक अडचणीचे होते.

खानदेशशी त्यांचा संबंध चाळीसगावच्या अपघाताने तुटला नाही. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले असताना ते लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथे अनुयायांची गर्दी होते.

संविधानात ‘रस्ते’ हा शब्द कुठे आहे?

स्वतंत्र भारताचे कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी जे संविधान मांडले, त्याचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम तितके पाठ नसते. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. त्याच कलमात सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा लोकांच्या वापरासाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. जगातल्या किती संविधानांना रस्ता हा शब्द मूलभूत हक्कांत लिहावा लागला असेल? इथे लागला. ते संविधान सभेचे सामुदायिक काम होते, पण मसूरच्या नाक्यावरची रात्र आणि चाळीसगावची फरशी अनुभवलेला माणूस ते सभेसमोर मांडत होता.

१९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने रस्त्यासोबत सार्वजनिक वाहनही जोडले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वाहनाचा वापर नाकारणे हा गुन्हा ठरला. म्हणजे चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी जे केले, ते २६ वर्षांनी शिक्षापात्र झाले. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत सजवलेल्या ट्रकवरून त्यांचे पार्थिव दादरच्या समुद्रकिनाऱ्याकडे नेण्यात आले. रस्त्यावर इतके लोक उतरले की त्या मार्गावरची वाहतूक काही तास थांबली.

मग सायकल कायद्यात कशी आली?

बाबासाहेबांनंतर या चळवळीच्या हाती सायकल आली. पुण्यात नोकरी करताना आंबेडकरी विचारांकडे वळलेले कांशीराम यांनी १९८३ मध्ये सायकल यात्रा काढून गावोगाव प्रचार केला. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याला स्वतःच्या बळावर रस्त्यावर जागा मिळवून देणारे हे वाहन. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात, त्यामागेही शाळेपर्यंतचा रस्ता त्यांच्या आवाक्यात यावा, हाच विचार आहे.

पण देशातल्या काही गावांत दलित तरुणाने सवर्णांच्या गल्लीतून सायकलवर बसून जाऊ नये, उतरून हातात धरून न्यावी, असा दंडक होता. पुढे दुचाकी आणि नवरदेवाचा घोडा यांवरूनही मारहाणी झाल्या. त्यामुळे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करावी लागली. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीत दोन गोष्टी नावानिशी आहेत. पहिली, सार्वजनिक रस्ता, वाट किंवा वाहन वापरण्यापासून रोखणे. दुसरी, सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पायात चपला घालण्यापासून, नवे कपडे वापरण्यापासून किंवा लग्नाची वरात काढण्यापासून रोखणे. कायद्याच्या रूक्ष भाषेत सायकल आणि मोटारसायकल एकाच ओळीत, एकाच हक्काची साधने म्हणून बसली आहेत. यासाठी सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे.

मागून हॉर्न मारणारा प्रत्येक गाडीवाला या कायद्याखाली येतो, असे अर्थातच नाही. बेदरकार वाहन चालवणे, कट मारणे, सायकलवाल्याला कडेला दाबणे हे मोटार वाहन कायदा आणि वाहतूक पोलिसांच्या कक्षेतले विषय आहेत. अत्याचाराचा कायदा लागतो तो कोणी रस्त्यावर यावे आणि कोणी येऊ नये, हे जातीवरून ठरवले जाते तेव्हा. तशी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि तिची नोंद घेणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.